विहिरीवरचे दाजी

दाजींच्या धाकट्या मुलीने आपल्या सोडलेल्या नवऱ्याशीच दुसऱ्यांदा लग्न केले, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्या लग्नाला जेवढी माणसे होती त्याच्या निम्मी या वेळी आली, आणि आली तीही जरा जपूनच हसत होती. जावई तोच, सूट तोच, फक्त पोट नवे होते. नवरीची आई फोटोवाल्याला म्हणाली, "मागचेच फोटो आहेत घरात. त्यातलेच चार नीट करून दे की!" यावर सगळे हसले. नवरीचा बाप मात्र हसला नाही. त्याचे लक्ष दाराकडे होते, कारण त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अजून उगवला नव्हता.

मेहुणा आला तो जेवणे उरकल्यावर. आल्या आल्या त्याने नवरीच्या बापाला खांबाआड ओढले.

"दाजी, बातमी आहे. 'बुरूज' परत काढतोय आम्ही. पहिला भागच, नव्या रंगात."

"परत?" दाजी म्हणाले. "आज काय सगळं परतच चाललंय का रे?"

"लोकांची फार मागणी आहे."

"आणि मी?"

मेहुण्याने एकदम पंख्याकडे पाहिले. "तुम्ही आहात की. तिथंच. विहिरीवर."

दाजींनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मुलीच्या लग्नात, चारचौघांत, मोठ्याने म्हणाले, "या खेपेला मी हलणार!"

लोकांना वाटले, म्हातारा नाचायला उठतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दाजींचे दुकान कुलपांचे. जिन्याखालची चिंचोळी जागा, भिंतीभर लटकणाऱ्या किल्ल्या, एक शिकंजा, कानशींचा डबा आणि एक फोन. दाराला कुलूप लागून किल्ली आत राहिलेली माणसे दिवसभर फोन करायची, आणि दाजी प्रत्येकाला एकच शब्द सांगायचे: "आलोच!" तो शब्द हवेत असतानाच पिशवी खांद्याला लागलेली असायची. माणूस फोन खिशात ठेवून वळतो तो दाजी जिना चढत आलेले. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. देखणेपणाचा नव्हता, शिक्षणाचा नव्हता. हाक आली की आपण पोचतो, एवढाच.

मेहुणा तरुण होता तेव्हा बहिणीकडेच राहायचा. मागच्या खोलीत बसून त्याने दोन मित्रांबरोबर कॉम्प्युटरवरचा एक युद्धाचा खेळ केला. लाकूड तोडा, धान्य पिकवा, भिंती बांधा, सैन्य उभारा आणि शत्रूचा बुरूज पाडा. गावाला पाणी भरायला एक पाणक्या हवा होता. मेहुण्याने समोर दिसला त्याचाच फोटो वापरला. दाजींच्या मिशा, दाजींचा उतरता खांदा, आणि आवाजही दाजींचाच. दाजी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत असताना त्याने तो चोरून टिपला: "आलोच!"

खेळ इतका चालला की मेहुण्याची मान वर्षभर ताठ राहिली. पण त्यात एक खोड राहून गेली. पाणक्या हलायचा नाही. त्याच्यावर टिचकी मारली की तो "आलोच!" म्हणायचा, एक पाय उचलायचा आणि तिथेच राहायचा. मेहुण्याने खोड शोधायला जंग जंग पछाडले, शेवटी नाद सोडला. खेळणाऱ्यांना मात्र तीच खोड आवडली. मोहिमेवर निघण्याआधी पाणक्यावर टिचकी मारणे शुभ, असे कोणीतरी ठरवले. त्याचे चित्र सदऱ्यांवर आले, कपांवर आले. देशोदेशीची माणसे, ज्यांना आपली भाषा ओ की ठो कळत नव्हती, एकमेकांना टांग मारायची झाली की "आलोच!" म्हणू लागली.

आणि इथे दाजींचे हसे झाले. फोनवर ते "आलोच" म्हणाले की पलीकडून खसखस ऐकू यायची. "आलोच म्हणाले का? मग आज काही खरं नाही, दुसरा बघा." धाकटीचे पहिले लग्न मोडले त्या भांडणात जावई ओरडला होता, "बापावर गेलीस! नुसती आलोच म्हणतेस!" लेकीने पुढे त्याला माफ केले. दाजींनीही जावयाला माफ केले होते, पण खेळाला नाही.

दाजींना वाटायचे, आज ना उद्या हा खेळ विस्मरणात जाईल. पण तो जाईना. त्याचा दुसरा भाग आला, त्यात हत्ती होते. तिसरा आला तो थेट चंद्रावर, तिथे चंद्राच्या खड्ड्यात विहीर होती आणि तिच्याशेजारी काचेचे शिरस्त्राण घातलेला पाणक्या एक पाय उचलून "आलोच!" म्हणत उभा. चौथा भाग फोनवरचा. त्यात एक वीट रचायला दुपारभर थांबावे लागे, आणि थांबलेल्या माणसाला करमावे म्हणून दर थोड्या वेळाने पाणक्या ओरडे. तो चौथा भाग लोकांनी असा आपटला की मेहुण्याच्या कंपनीचे डोके ठिकाणावर आले. तिने ठरवले, पहिलाच परत काढू. आतला सांगाडा जुनाच ठेवायचा, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती, आणि वरून नवा रंग द्यायचा.

लग्नानंतरच्या सोमवारी दाजी पिशवी खांद्याला लावून मेहुण्याच्या ऑफिसात गेले. तिथे सगळ्या भिंती काचेच्या, आणि बसायला खुर्च्यांऐवजी भुसा भरलेली पोती. दाजी एका पोत्यात बसले ते कमरेपर्यंत आत गेले. समोर कंपनीच्या मोठ्या बाई, मेहुणा, कॉम्प्युटरचा आतला कारभार बघणारी एक चष्मेवाली मुलगी आणि दिवसभर खेळ खेळून त्यातल्या चुका काढणारा टकल्या. टकल्याचे काम हेच होते हे कळल्यावर दाजींनी त्याच्याकडे जरा आदरानेच पाहिले.

"माझी एकच विनंती आहे," दाजी पोत्यातून म्हणाले. "मला एकदा पोचू द्या. हाक मारली की मी जातो. जन्मभर जात आलोय. मरायच्या आधी एकदा तरी त्या खेळात पोचतो, एवढंच."

मोठ्या बाईंनी चेहरा गंभीर केला. "दाजी, तुमच्या भावना समजतात. पण तुम्ही हललात तर लोक या खेळाला हात लावणार नाहीत. तुमचं न येणं ही आमची परंपरा आहे."

"परंपरा असेल तुमची. नाव माझं जातंय."

"अहो दाजी, तुम्ही जगप्रसिद्ध आहात," मेहुणा म्हणाला.

"जगप्रसिद्ध आळशी! मेहुण्या, तुला मागच्या खोलीत ठेवला, खाऊपिऊ घातला, आणि तू मला विहिरीला बांधून गेलास."

चष्मेवालीला मात्र खोड म्हटली की चैन पडत नसे. सगळे बोलत असताना तिने जुना सांगाडा उघडला, पाणक्यावर टिचकी मारली, आकडे पाहिले, परत मारली, परत पाहिले. मग तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"दाजी," ती म्हणाली, "तुम्ही चालताय."

"मी बसलोय बाई. उठता येत नाहीये."

"तुम्ही नाही, पाणक्या. तो चालतोय. पहिल्या दिवसापासून चालतोय."

"मग दिसत का नाही?"

"कारण तुमच्याबरोबर सगळंच चालतंय. विहीर, नदी, डोंगर, मेंढ्या, दोन्ही सैन्यं. बघणाऱ्याची नजरसुद्धा. या खेळात प्रत्येक गोष्टीची जागा तुमच्यापासून मोजलीय. बुरूज कुठं, तर दाजींच्या उजवीकडे इतका. जंगल कुठं, तर दाजींच्या मागे इतकं. तुम्ही पाऊल टाकलंत की ते सगळं पाऊल टाकतं."

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला.

त्याचे असे होते की मेहुणा पहिल्यांदा शहरात आला तेव्हा त्याला बहिणीच्या घराखेरीज काही ठाऊक नव्हते. त्यामुळे तो सगळे रस्ते तिथूनच मोजायचा. दाजींच्या घरापासून डावीकडे पोस्ट, दाजींच्या घरामागे दवाखाना, दाजींच्या पुढे गेले की स्टेशन. पुढे त्या घरात सगळेच तसे बोलू लागले. खुद्द दाजीही गिऱ्हाइकाला पत्ता विचारताना म्हणायचे, "माझ्यापासून कुठल्या बाजूला?" खेळाचा नकाशा करायची वेळ आली तेव्हा मेहुण्याने आणखी दुसरे काय करायचे? त्याने मोजायला सुरुवात दाजींपासून केली, आणि त्यात काही चुकते आहे हे त्याला कधी वाटलेच नाही.

दाजींनी हळूच विचारले, "म्हणजे मी जात होतो?"

"दर वेळी."

"कुठवर गेलो असेन?"

"इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत मारलेल्या टिचक्या..." चष्मेवालीने हात हवेत नुसताच फिरवला. "त्या राज्याचा पत्ताच राहिला नाही आता."

"आणि म्हणे जागचा हलत नाही!" दाजी इतक्या जोरात म्हणाले की पोत्यातून आपोआप बाहेर आले. "अख्खा देश खांद्यावर घेऊन चाललोय मी!"

बाईंचाही नाइलाज झाला. असे काही उघड झाल्यावर तसेच ठेवणे त्यांना बरे दिसेना. दाजींना मोकळे करायचे ठरले. पण मग मोजायचे कशापासून? मेहुण्याला काही सुचेना. त्याने आधी एक मेंढी निवडली. मेंढी खिळली, आणि बाकीच्या मेंढ्या तिच्याभोवती चिंतेने गोळा होऊन उपाशी राहू लागल्या. मग त्याने शत्रूचा राजा घेतला. राजा रोज चढाईला निघायचा, त्याच्याबरोबर त्याचा किल्ला, आपला किल्ला आणि मधले रणांगणही निघायचे. कोणी कोणाला भेटेना. राज्यात अशी शांतता पसरली की टकल्या कामावर असताना घोरला आणि उठल्यावर म्हणाला, "खेळ म्हणून बरा नाही, पण झोप फार छान लागली."

"विहिरीपासून मोजा ना," चष्मेवाली म्हणाली. "ती कुठं जाणारे?"

मेहुण्याचा चेहरा पडला. "विहिरीपासून कोण पत्ता सांगतं? विहीर कोणाची कोण?"

पण मोजले विहिरीपासूनच.

ही बातमी बाहेर कशी फुटली देव जाणे. एका सकाळी दाजींच्या जिन्यावर खडखडाट झाला. दाजींच्या बायकोने, ताईंनी, दार उघडले तर समोर पत्र्याची चिलखते घातलेली पाच-सहा मोठी माणसे उभी. एकाच्या हातात भाला, एकाच्या हातात बादली, एकाच्या हातात ऑफिसचा डबा.

"अहो!" ताईंनी आत हाक मारली. "तुमचं सैन्य आलंय. चपला बाहेर काढायला सांगू की तसंच घेऊ आत?"

सैन्य आत आले आणि सतरंजीवर मांडी घालायचा प्रयत्न करू लागले. गुडघ्याचा पत्रा वाकेना, म्हणून सगळे पाय पसरून बसले. त्यांचा म्होरक्या बँकेत कामाला होता. तो काहीतरी बोलू लागला, पण त्याच्या शिरस्त्राणाची झडप बंद होती आणि आतून नुसताच घुमघुम आवाज येत होता.

"काय म्हणताय?" दाजींनी विचारले.

"तो म्हणतोय," बादलीवाला म्हणाला, "दाजी, तुम्ही हलू नका. आम्ही लहानपणापासून तुम्हाला तिथं बघतोय. नोकऱ्या गेल्या, घरं बदलली, केस गेले. तुम्ही तेवढे जागेवर होता."

"मी जागेवर नव्हतो! मी चालत होतो!"

"कळलं आम्हाला ते. पण दिसत नव्हतात ना. तसंच, न दिसता चाला की."

"का म्हणून? तुम्ही कधी बंद दाराशी किल्लीवाल्याची वाट बघत उभे राहिलात का?"

म्होरक्या आतून पुन्हा घुमला. त्याचा सूर आता वेगळा होता.

"तो काय म्हणतोय?"

बादलीवाल्याने कान लावला. "झडप अडकलीय म्हणतोय. आणि श्वास कोंडतोय."

दाजींनी पिशवी ओढली, तेलाचे दोन थेंब सोडले, पक्कड घातली आणि झडप उघडली. आतून एक लालबुंद, घामाघूम, फार उपकृत चेहरा बाहेर आला. तो दाजींकडे बघून म्हणाला, "आभारी आहे. पण हलू नका."

"यांना चहा द्या," दाजी म्हणाले, "आणि घालवा."

ताईंनी चहा दिला. जाताना सैन्याने बादली दाजींच्या पायाशी ठेवली. बादली चांगली होती, ताईंनी ती ठेवून घेतली.

अखेर तो दिवस आला. काचेच्या खोलीत सगळे जमले. दाजी या वेळी उभेच राहिले, पोत्याच्या वाटेला गेले नाहीत. टकल्याने पाणक्यावर टिचकी मारून त्याला पार रणांगणावर बोलावले.

"आलोच!" पाणक्या म्हणाला. त्याने पाय उचलला आणि पुढे टाकला.

विहीर मागे राहिली. पाणक्या वेशीतून बाहेर पडला, पुलावरून नदी ओलांडून गेला, मेंढ्यांमधून वाट काढत सैन्याच्या रांगांपुढे आला आणि पडद्याच्या मधोमध येऊन थांबला. चष्मेवालीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दाजींनी मिशीवरून हात फिरवला.

टाळ्या थांबल्या. पाणक्या उभाच होता. समोर बघत होता. आणखी थोडा वेळ गेला. तो अजून समोरच बघत होता.

"आता हा काय करणार?" मोठ्या बाईंनी विचारले.

कोणालाच ठाऊक नव्हते. तो कधी पोचेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नसल्याने पोचल्यावर काय करायचे ते कोणी लिहिलेच नव्हते. तो बघत राहिला. टकल्या कासावीस झाला. "याला काहीतरी बोलायला सांगा हो. माझा काका असाच बघायचा."

"दाजी," चष्मेवाली म्हणाली, "पोचल्यावर तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? कुठलं कुलूप, म्हणतो."

"तेच म्हणा." आणि तिने दाजींना तिथल्या तिथे आवाजाच्या खोलीत नेले.

झाले भलतेच. जुन्या सांगाड्याचा एक नियम असा की कामकऱ्याने कामाबद्दल विचारले की त्याला त्या जातीचे जवळचे काम द्यायचे. सुताराला लाकूड, गवंड्याला भिंत. नवा आवाज बसवून टकल्याने टिचकी मारली. पाणक्या आला आणि म्हणाला, "कुठलं कुलूप?" सांगाड्याने साऱ्या राज्यात बंद असलेली वस्तू शोधली. ती एकच होती. पाणक्या वळला, बाणांच्या पावसातून शांतपणे चालत शत्रूच्या किल्ल्यापाशी गेला, वाकला, थोडा वेळ खुडबुडला, आणि महादरवाजा सताड उघडला. सैन्य आत शिरले. राजा नाश्ता करत होता, त्याने तसाच शरणागतीचा झेंडा वर केला.

टकल्याने खेळ सुरू करताना आणलेल्या चहावर अजून वाफ होती.

"हे युद्ध आहे की दुरुस्तीचं दुकान?" मोठ्या बाई कडाडल्या. "भिंती कोण बांधणार मग? सैन्य कशाला? तटावरून उकळतं तेल ओतायला आम्ही अर्धा महिना खपलोय!"

"हाक मारली, आलो, उघडलं," दाजी म्हणाले. "यात माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही चुकलं. तुम्ही असलात की आमचा खेळच उरत नाही!"

दाजींनी हे वाक्य मनातल्या मनात दोनदा घोळवले आणि त्यांना ते फार आवडले.

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरले ते असे की खेळाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारायचे: दाजी विहिरीवर हवेत, की आलेले हवेत? ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. खेळ बाजारात गेला. काही दिवसांनी चष्मेवाली स्वतः दुकानात आली आणि किल्ल्यांच्या माळांखाली अंग चोरून उभी राहिली. तिच्या तोंडावरूनच दाजींनी ओळखले.

"विहिरीवरच?"

"जवळजवळ सगळ्यांनीच."

दाजी शिकंज्यातल्या किल्लीवर कानस चालवत राहिले. "आणि ज्यांनी आलेले घेतले ते?"

"थोडे आहेत. एक बाई आहेत, त्या लढतच नाहीत. नुसतं तुम्हाला बोलावतात, तुम्ही येता, दार उघडता, मग त्या खेळ बंद करून कामाला जातात. रोज."

"कुठं राहतात?"

"ठाऊक नाही. फार लांब."

"असू दे," दाजी म्हणाले. "पोचतो ना तिथं, मग झालं." त्यांनी कानस खाली ठेवली आणि किल्ली उजेडात धरून पाहिली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या माणसाने हसू दाबत विचारले, "दाजी, तुम्ही येणारे आहात की विहिरीवरचे?"

"दार कुठलं आहे ते बोला," दाजी म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावली. चष्मेवालीला दुकान बघायला बसवून ते गेलेही.

दाजी त्याच वर्षी, थंडी सुरू झाली तेव्हा, वारले. एका शिक्षिकेच्या दाराशी दुपारी ते गेले. फोन आल्यावर निघाले होते, पोचले होते, कुलूप उघडून झाले होते. पाणी मागून पायरीवर बसले ते उठले नाहीत. मेहुणा त्यानंतर दोन वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला. ताई अजून आहेत.